शांतता मागायची, पण नेमकी कुणाकडे?

प्रश्न: ताई, मी कोरेगाव तालुक्यातल्या एका गावची. साताऱ्यात नोकरी करते. मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तानात ते चार दिवस ड्रोन आणि क्षेपणास्त्रांचे गेले, तेव्हा आमच्या आळीतली पोरं मॅच बघावी तशी टीव्ही बघत होती. मी गावाच्या ग्रुपवर 'युद्ध लवकर थांबू दे' एवढंच लिहिलं, तर दोन दिवस शिव्या खाल्ल्या. पण त्यातूनच माझ्यासारखी आणखी काही माणसं सापडली. आता सातारा, मिरज, नाशिक, रत्नागिरी आणि पालघर अशा पाच ठिकाणी आमचे छोटे गट आहेत. येत्या ६ ऑगस्टला, हिरोशिमा दिनी, सगळीकडे एकाच दिवशी काहीतरी करायचं ठरलंय. मात्र ऑनलाइन बैठक झाली की वाद सुरू. कुणी म्हणतं पुण्यात एकच मोठा मोर्चा काढू, कुणी म्हणतं मेणबत्त्या लावू. मागण्या तर विचारू नका: अण्वस्त्रं नष्ट करा, संरक्षण खर्च कमी करा, गाझातलं युद्ध थांबवा, युक्रेनमधलं थांबवा. माझे मामा निवृत्त सुभेदार आहेत. त्यांना हे कळलं तेव्हा म्हणाले, 'आमची पोरं तिकडं उभी आहेत आणि तुम्ही इकडं त्यांचे पाय ओढणार?' त्या दिवसापासून ते माझ्याशी धड बोलत नाहीत. आम्ही काय करावं?

उत्तर:

प्रिय मैत्रिणी,

तुमच्या पाच गटांच्या वादापेक्षा मामांचं वाक्य मला जास्त महत्त्वाचं वाटतं, म्हणून तिथूनच सुरुवात करते. 'अपशिंगे मिलिटरी' असं गावाचं नावच असलेला तुमचा जिल्हा. जिथे पिढ्यान्‌पिढ्या घरटी माणूस फौजेत गेलाय, तिथे कुणी शांततेची भाषा काढली की लोकांना वाटतं, आपल्या माणसानं बर्फात उभं राहून जे केलं ते ही पोरं फुकट गेलं म्हणतायत. मामांचा राग खरा आहे. तुम्ही त्यांच्याशी वाद घालून जिंकाल असं मला वाटत नाही, आणि जिंकलात तरी त्यातून काही हाती लागणार नाही.

व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकेतल्या युद्धविरोधी लोकांनाही हेच ऐकावं लागत होतं. नोव्हेंबर १९६९ मध्ये त्यांनी वॉशिंग्टनमध्ये एक पदयात्रा काढली. १३ तारखेच्या संध्याकाळी ती आर्लिंग्टनच्या लष्करी दफनभूमीपासून निघाली आणि १५ तारखेच्या सकाळपर्यंत चालूच राहिली. चाळीस हजारांच्या आसपास माणसं, थंडीत, एकामागे एक. प्रत्येकाजवळ एक पाटी आणि त्या पाटीवर एकच नाव: युद्धात मारल्या गेलेल्या एका अमेरिकी सैनिकाचं, नाहीतर उद्ध्वस्त झालेल्या एखाद्या व्हिएतनामी गावाचं. नदीवरचा पूल ओलांडून व्हाइट हाउससमोर आलं की चालणाऱ्यानं ते नाव मोठ्यानं उच्चारायचं. मग पुढे संसदेजवळ ठेवलेल्या शवपेटीत ती पाटी ठेवून द्यायची. त्या रांगेत मेलेल्या सैनिकांचे भाऊ-बहिणी होत्या, विधवा होत्या. ही माणसं सैनिकांच्या विरोधात आहेत, असं त्यांच्याकडे बघून कुणाला म्हणता येईना. युद्धावरून परतलेल्या सैनिकांनी तर १९६७ मध्येच आपली स्वतःची युद्धविरोधी संघटना काढली होती.

आपल्याकडेही असं उदाहरण आहे, आणि ते मामांना माहीत असण्याची शक्यता आहे. ॲडमिरल लक्ष्मीनारायण रामदास १९७१ च्या युद्धात वीरचक्र मिळालेले अधिकारी. १९९० ते १९९३ या काळात ते नौदलप्रमुख होते. निवृत्तीनंतर अलिबागजवळच्या गावात राहून त्यांनी उरलेलं आयुष्य भारत-पाकिस्तान मैत्रीसाठी आणि अण्वस्त्रांच्या विरोधात घालवलं. २००४ चा मॅगसेसे पुरस्कार त्यांना आणि पाकिस्तानचे मानवी हक्क कार्यकर्ते आय. ए. रेहमान यांना मिळून दिला गेला. युद्ध पाहिलेला माणूस शांततेबद्दल बोलतो, तेव्हा त्याला कुणी भित्रा म्हणू शकत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं की साताऱ्याचा कार्यक्रम मामांना विचारून ठरवा. १९६२, १९६५, १९७१, कारगिल आणि त्यानंतर सीमेवर जे गेले, त्या तुमच्या तालुक्यातल्या जवानांची नावं वाचून दाखवायची, इतकाच तो कार्यक्रम असू द्या. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात माहिती मिळते, गावच्या स्मारकांवर नावं असतात, आणि मामांसारख्या माणसांच्या तोंडी तर अख्खी पलटण असते. यादी करायला त्यांना बसवा. मात्र एक पथ्य कडक पाळा. ज्या घरचं नाव वाचायचं त्या घरी आधी जा, वीरमातेला, वीरपत्नीला विचारा. ती म्हणाली की माझ्या मुलाचं नाव तुमच्या कार्यक्रमात नको, तर नाव वगळा आणि तिच्याकडचा चहा पिऊन या. तिचं दुःख तुमची ढाल व्हायला नको. आणि सेवेत असलेल्या जवानांना यात ओढू नका. त्यांना अशा कार्यक्रमात भाग घेता येत नाही आणि तुमच्यामुळे त्यांची चौकशी लागली तर मामा कायमचे तुटतील. निवृत्त माणसांची गोष्ट वेगळी.

त्याच कार्यक्रमात पहलगामची नावंही आली पाहिजेत. २२ एप्रिल २०२५ रोजी तिथे २६ माणसं मारली गेली, त्यात आपल्या महाराष्ट्रातली सहा होती. नंतरच्या तोफमाऱ्यात पूंछमध्ये सामान्य घरांतली माणसं गेली, त्यांचंही स्मरण व्हावं. 'पहलगामबद्दल का नाही बोलत?' असा प्रश्न कुणी विचारण्याआधीच तुम्ही त्याबद्दल बोललेलं असावं. लोक विचारतील म्हणून हे सांगत नाही. मारल्या गेलेल्या निरपराध माणसांबद्दल गप्प राहून युद्धविरोध करता येतच नाही, असं मी मानते.

आता मागण्यांकडे येते. इथे मी तुमच्याशी जरा कठोरपणे बोलणार आहे.

तुमच्या यादीतल्या मागण्या चुकीच्या नाहीत, पण त्यातली एकही अशी नाही की जिच्याबद्दल सांगता येईल: हे अमक्यानं, अमक्या तारखेपर्यंत करायचं आहे. १५ फेब्रुवारी २००३ आठवा, किंवा तेव्हा लहान असाल तर घरच्या मोठ्यांना विचारा. इराकवर हल्ला होऊ नये म्हणून त्या एका दिवशी जगभरातल्या सुमारे सहाशे शहरांत माणसं रस्त्यावर उतरली. रोम, लंडन, बार्सिलोना या शहरांत लाखोंची गर्दी लोटली. आणि मार्चच्या २० तारखेला युद्ध सुरू झालं. एवढ्या माणसांनी 'नको' म्हटलं होतं, पण 'नको' म्हणून झाल्यावर सोमवारी सकाळी काय करायचं, हे बहुतेक ठिकाणी ठरलेलं नव्हतं. निराश होऊन घरी गेलेली माणसं पुन्हा लवकर बाहेर पडली नाहीत.

पण त्याच काळातल्या दोन घटना मला फार मोलाच्या वाटतात, आणि त्यांच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. पहिली तुर्कस्तानातली. अमेरिकी फौजा तुर्की भूमीवरून इराकमध्ये उतरवू द्यायच्या का, यावर १ मार्च २००३ रोजी तिथल्या संसदेत मतदान होतं. बाहेर अंकारात प्रचंड निदर्शनं चालू होती. ठराव अवघ्या तीन मतांनी हुकला आणि अमेरिकेला आपली आखणी बदलावी लागली. दुसरी घटना आपल्याच देशातली. इराकमध्ये भारतीय सैन्य पाठवा अशी अमेरिकेची विनंती होती आणि सरकार काही आठवडे विचार करत होतं. देशभरातून, अनेक पक्षांतून विरोध झाला आणि १४ जुलै २००३ रोजी वाजपेयी सरकारनं नकार कळवला. जिथे प्रश्न ठरावीक होता, निर्णय घेणारा ठाऊक होता आणि निर्णयाची वेळ समोर होती, तिथे लोकांच्या आवाजाला धरायला जागा मिळाली.

म्हणून एकच मागणी घ्या आणि तिच्यावर निर्णय घेणारा माणूस कोण, हे आधी शोधा.

संरक्षण खर्च कमी करा, ही मागणी मी तुमच्या जागी असते तर आत्ता घेतली नसती. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात संरक्षण मंत्रालयासाठी सुमारे ६.८१ लाख कोटी रुपये आहेत. आकडा अंगावर येतो आणि तो फलकावर लिहायचा मोह होतो. पण त्यातले सुमारे १.६१ लाख कोटी हे निवृत्तिवेतनाचे आहेत. म्हणजे तुम्ही कोरेगावात उभं राहून 'संरक्षण खर्च कमी करा' म्हणालात, तर पहिल्या रांगेतला प्रत्येक माजी सैनिक ते 'माझी पेन्शन कमी करा' असं ऐकणार, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. नवी शस्त्रं आणि सामग्री यांचा भांडवली खर्च सुमारे १.८० लाख कोटींचा आहे. त्यावर बोलायचं तर आधी अभ्यास हवा, काय नको आणि का नको ते सांगता यायला हवं. ते काम अभ्यासगटाचं आहे, वर्षभराचं आहे. जरूर करा, पण ६ ऑगस्टच्या फलकावर ते मावणार नाही.

गाझा आणि युक्रेनबद्दल तुमच्या सोबत्यांना जे वाटतं ते मलाही वाटतं. ज्या गावातल्या गटाला त्यावर वेगळा कार्यक्रम करायचा असेल त्यानं तो वेगळ्या दिवशी करावा. एकाच फलकावर चार युद्धं लिहिली की वाचणाऱ्याला वाटतं, यांना आपल्याकडून नक्की काय हवंय ते यांनाच ठाऊक नाही.

मग कोणती मागणी? तुमच्याकडे पालघरचा गट आहे हे वाचून मला फार बरं वाटलं, कारण माझ्या मते उत्तर तिथेच आहे. डहाणू, तलासरी भागातली आदिवासी तरुण मुलं गुजरातच्या मासेमारी बोटींवर खलाशी म्हणून जातात. समुद्रात हद्दीची रेघ दिसत नाही, कच्छजवळच्या सर क्रीक या खाडीच्या पुढे ती दोन्ही देशांनी मिळून ठरवलेलीही नाही. पाकिस्तानी यंत्रणा बोट पकडते, मुलगा कराचीच्या तुरुंगात जातो आणि इकडे घरातला कमावता हात जातो. घरच्यांना कित्येक महिने पत्रसुद्धा मिळत नाही. तिकडचे कोळी आपल्या तुरुंगांत असतात आणि त्यांच्या घरीही हेच चालतं. दोन्ही देशांनी २००८ मध्ये एक करार केला आहे. त्यानुसार दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला एकमेकांच्या कैद्यांच्या याद्या दिल्या-घेतल्या जातात. नागरिकत्वाची खात्री पटून शिक्षा पुरी झाली की महिन्याभरात माणसाला परत पाठवायचं, असं त्याच करारात आहे. प्रत्यक्षात शिक्षा भोगून झालेली माणसं पुढे वर्षानुवर्षं आत राहतात.

'शिक्षा पूर्ण झालेल्या दोन्हीकडच्या मच्छीमारांना २००८ च्या करारानुसार महिन्याभरात घरी पाठवा.' तुमची मागणी एवढ्या एका वाक्याची असावी. निर्णय घेणारं परराष्ट्र मंत्रालय आहे, तिथे प्रश्न विचारू शकणारे तुमचे पाच खासदार आहेत, आणि १ जुलैची यादी ६ ऑगस्टच्या महिनाभराहून थोडी जास्त आधी येते. या मागणीला कुणी देशद्रोह म्हणणार असेल तर त्याला डहाणूच्या त्या आईसमोर उभं राहून म्हणावं लागेल.

तुमच्यातले काही जण म्हणतील, हिरोशिमा दिनी मच्छीमारांची मागणी? ६ ऑगस्ट १९४५ च्या त्या एका बॉम्बनं वर्षअखेरपर्यंत सुमारे १ लाख ४० हजार माणसं मारली. मे १९९८ मध्ये पोखरणला आणि मग पाकिस्तानात चगाईला अणुस्फोट झाले तेव्हापासून दोन्ही शेजाऱ्यांच्या हातात तेच हत्यार आहे. आपण हिरोशिमा आठवायचा तो एवढ्यासाठीच की या दोन देशांत बोलणं चालू राहिलं पाहिजे. याद्यांची देवाणघेवाण हा त्या बोलण्याचा अजून शाबूत असलेला एक धागा आहे. दुसरा त्याहून महत्त्वाचा: एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचा ३१ डिसेंबर १९८८ चा करार. त्याखालीही दर १ जानेवारीला याद्या दिल्या जातात आणि कारगिलसारखं युद्ध होऊनही ते थांबलेलं नाही. राग कितीही असला तरी दोन्ही सरकारं काही दारं उघडी ठेवतात. तुम्ही त्यातलंच एक दार थोडं आणखी उघडायला सांगताय.

आता मोर्चा पुण्यात की गावोगावी? माझं मत स्पष्ट आहे: गावोगावी. आणि यासाठी पुन्हा १९६९ मध्येच जावं लागेल, त्या पदयात्रेच्या महिनाभर आधी.

जेरोम ग्रॉसमन नावाच्या मॅसॅच्युसेट्समधल्या एका व्यावसायिकानं सुचवलं होतं की ऑक्टोबरपर्यंत युद्ध थांबलं नाही तर देशभर संप करावा. सॅम ब्राउन हा पंचविशीतला तरुण आदल्या वर्षीच्या निवडणुकीत विद्यार्थ्यांची फौज उभारून आलेला होता. त्यानं ओळखलं की संप म्हटलं की साधा माणूस बिचकेल. मग ठरलं ते असं: १५ ऑक्टोबरला एक दिवस नेहमीचं कामकाज थांबवायचं आणि आपापल्या गावात, आपापल्या पद्धतीनं युद्धाला विरोध नोंदवायचा. कुठे चर्चच्या घंटा वाजल्या, कुठे लोकांनी दंडाला काळी फीत बांधून दिवसभर नोकरी केली, कुठे मृतांची नावं वाचली, कुठे घरोघर जाऊन शेजाऱ्यांशी बोलणं झालं. बॉस्टनमध्ये लाखभर लोक जमले, वॉशिंग्टनमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्या पत्नी कोरेटा स्कॉट किंग यांच्यामागे हजारो मेणबत्त्या चालल्या. सगळीकडचे मिळून सुमारे वीस लाख लोक त्या दिवशी कशा ना कशात होते. त्यातले पुष्कळ आयुष्यात प्रथमच असं काही करत होते. वॉशिंग्टनला जायला त्यांना सवड नव्हती आणि धीरही नव्हता. पण आपल्या गावच्या चौकात, ओळखीच्या माणसांमध्ये उभं राहणं त्यांना जमलं.

राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी आधीच जाहीर केलं होतं की अशा निदर्शनांचा माझ्यावर काडीचाही परिणाम होणार नाही. लोकांना वाटलं, झालं, ऐकतच नाहीत. प्रत्यक्षात निक्सन यांनी उत्तर व्हिएतनामला १ नोव्हेंबरची गुप्त मुदत दिली होती आणि त्यानंतर मोठा हल्ला चढवायची तयारी चालू होती. तो हल्ला झाला नाही. आपल्या धमकीतली हवा या निदर्शनांनी काढून घेतली, असं त्यांनीच पुढे आठवणींत लिहिलं. चौकात उभ्या राहिलेल्यांना हे कळायला काही वर्षं लागली. युद्ध पुढेही चाललं, हे मी लपवत नाही. पण ७ ऑगस्टला सकाळी 'काहीच झालं नाही' असं तुमच्या ग्रुपवर कुणी लिहिलं, तर त्याला हे सांगा.

त्या आंदोलनाची एक गोष्ट मात्र उचलू नका. ऑक्टोबरात एक दिवस, नोव्हेंबरात दोन, डिसेंबरात तीन, असं वाढवत न्यायचं त्यांनी ठरवलं होतं. डिसेंबरपर्यंत माणसं थकली आणि पुढच्या एप्रिलमध्ये कार्यालयाला कुलूप लागलं. नोकरी, पोरंबाळं, शेती सांभाळून येणाऱ्या माणसांकडून दर वेळी आधीपेक्षा जास्त मागत गेलं की ती गळतात. दोन तारखा पुरेत, त्यांच्या मध्ये श्वास घ्यायला जागा असू द्या.

तेव्हा पाच गावांत समान काय असावं? दिवस, वेळ, ते एक वाक्य आणि खासदारांना द्यायच्या निवेदनाचा मजकूर. बाकी सगळं ज्याचं त्यानं ठरवावं. साताऱ्यात नावं वाचा. रत्नागिरीत जून-जुलैची मासेमारीबंदी संपून बोटी नुकत्याच बाहेर पडू लागलेल्या असतील, तिथल्या गटानं मिरकरवाड्याला जाऊन कोळ्यांच्याच सह्या घ्याव्यात, कारण पकडलं जाण्याचं भय काय असतं हे त्यांना समजावून सांगावं लागणार नाही. मिरज तर तंतुवाद्यांचं गाव, तिथे भाषणं कशाला, एखाद्या कलाकाराला तासभर वाजवायची विनंती करा. नाशिकला देवळालीमुळे तोफखान्यातले पुष्कळ निवृत्त लोक आहेत, त्यांच्यातल्या दोघातिघांना नुसतं बोलतं करा. पालघरच्या गटाला दुसरं काही करायला लावू नका. त्यांनी कुटुंबांना भेटावं, त्यांचे अर्ज नीट लिहून घ्यावेत, आणि त्या घरच्यांची परवानगी असेल तेवढीच माहिती बाकीच्या चौघांना द्यावी. कैद्याचा फोटो, गाव, नाव असं काही उत्साहाच्या भरात फिरवू नका. तिकडे आत असलेल्या माणसाला त्याचा त्रास होऊ शकतो.

ऑगस्टचा पाऊस आहे, मेणबत्त्या विसरा. समाजमंदिर, देवळाचा सभामंडप, शाळेचा हॉल बघा.

बैठकीतल्या भांडणांबद्दल. समिती, अध्यक्ष, उपाध्यक्ष असलं काही करू नका. पाच गावांचा एकेक माणूस, आठवड्यातून एकदा, अर्धा तास. त्या अर्ध्या तासात फक्त वर सांगितलेल्या समान गोष्टींवर बोलायचं. रत्नागिरीनं काय करावं यावर नाशिकनं मत द्यायचं नाही. डिसेंबर १९८२ मध्ये इंग्लंडमधल्या ग्रीनहॅम कॉमन या हवाई तळाला सुमारे तीस हजार स्त्रियांनी हातात हात धरून वेढा घातला. तिथे अमेरिकी अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्रं येणार होती आणि तळाचं कुंपण नऊ मैल लांब होतं. मोबाइल नव्हते, मोठी संघटना नव्हती. एक पत्र होतं. ज्या बाईला ते मिळेल तिनं त्याच्या प्रती करून ओळखीच्या बायकांना पाठवायच्या. पत्र इतकं साधं होतं की हातानं उतरवताना त्यातलं काही गळलं नाही. तुमचं निवेदनही तसं हवं, माझ्या आईला फोनवर वाचून दाखवता येईल एवढं.

परवानगीचं काम लांबणीवर टाकू नका. पोलीस ठाण्यात अर्ज किमान पंधरा दिवस आधी द्या आणि अर्जाची पोच घ्या, तोंडी 'करा, काय हरकत नाही' यावर विसंबू नका. ध्वनिक्षेपकाची परवानगी वेगळी लागते. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली जमावबंदीचे आदेश बऱ्याच जिल्ह्यांत सणासुदीच्या आगेमागे निघतच असतात, आठवडाभर आधी चौकशी करा. आदेश असेल तर मोडू नका. कार्यक्रम बंदिस्त जागेत घ्या आणि तिथेही परवानगी लागते का ते लेखी विचारा. निःशस्त्र, शांततेनं जमण्याचा हक्क घटनेच्या कलम १९ मध्ये आहे. सरकारच्या धोरणावर टीका करणं, ती हिंसेला चिथावणी देत नसेल तर, राजद्रोह ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९६२ सालीच केदारनाथ सिंह खटल्यात सांगितलेलं आहे. तरीही एका ओळखीच्या वकिलाचा नंबर प्रत्येक गटाकडे असावा. पैसे गावातूनच जमवा, दहा-वीस रुपयांचीही पावती द्या, परदेशातल्या मित्रानं कितीही प्रेमानं पाठवायचे म्हटले तरी घेऊ नका, कारण परकीय निधीचा कायदा कडक आहे. कुठल्याही पक्षाचा झेंडा येऊ देऊ नका. आमदार आले तर त्यांना मान द्या, खुर्ची द्या, माइक देऊ नका.

आणि शिव्या येणारच. त्यांना ग्रुपवर उत्तर देत बसू नका. ज्यानं सर्वांत वाईट लिहिलं असेल तो गावचाच असेल, तर त्याच्या घरी जा. एकटीनं जाऊ नका, कुणी वडीलधारं माणूस बरोबर न्या. समोरासमोर आलं की माणसं बरीच मऊ बोलतात. धमकी आली तर मात्र समजूत घालायला जायचं नाही. स्क्रीनशॉट काढा आणि लेखी तक्रार द्या.

दुसरी तारीख २ ऑक्टोबर असू द्या, आणि ती ६ ऑगस्टलाच जाहीर करा. त्या दिवशी राज्यात गावोगावी ग्रामसभा असते. ग्रामसभेनं परदेश धोरणावर ठराव करून काय होणार, असं कुणी विचारेल. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावानं मे २०२२ मध्ये विधवांवर लादल्या जाणाऱ्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तोही एका गावाचाच होता. दोन आठवड्यांत राज्य सरकारनं परिपत्रक काढून सगळ्या ग्रामपंचायतींना तसं करायचं आवाहन केलं. अमेरिकेतल्या व्हर्मांट राज्यात मार्च १९८२ मध्ये दीडशेहून अधिक गावांनी आपल्या वार्षिक गावसभेत ठराव केले की अमेरिका आणि सोव्हिएत संघानं नवी अण्वस्त्रं बनवणं थांबवावं. रस्त्यांचे खड्डे आणि शाळेचा खर्च यांच्यासोबत त्या लोकांनी हा विषय घेतला. तीन महिन्यांनी न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात सुमारे दहा लाख लोक याच मागणीसाठी जमले. गावं आधी बोलली होती आणि शहरातली ती गर्दी नंतरची, एवढं तुमच्या पुण्याच्या मोर्चावाल्या सोबत्यांना सांगा. मोर्चाची वेळ येईल, कदाचित पुढच्या वर्षी.

विषय ऐनवेळी मांडायचा धोका पत्करू नका. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज देऊन तो विषयपत्रिकेवर घ्या. सरपंचांना आधी भेटून ठरावाचा मसुदा वाचून दाखवा, त्यांनी एखादा शब्द बदलला तर बदलू द्या. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यावी लागते, बऱ्याच गावांत ती कागदावरच होते. तुमच्या गावात ती खरी भरवा आणि ठराव आधी तिथे मांडा. सूचक म्हणून तुम्ही उभ्या राहू नका. एखाद्या माजी सैनिकाच्या पत्नीला विचारा, शक्य झालं तर मामींना. मंजूर झालेल्या ठरावाची सही-शिक्क्याची प्रत मागून घ्या, पाचही गटांकडच्या गावांच्या प्रती एकत्र करा आणि खासदारांच्या कार्यालयात स्वतः नेऊन द्या. परराष्ट्र मंत्रालयाला स्पीड पोस्टनं पाठवा. संसदेच्या हिवाळी अधिवेशनाआधी खासदारांकडून एवढंच उत्तर मागा की हा प्रश्न त्या सभागृहात विचारणार की नाही. उत्तर काहीही आलं तरी ते डहाणूच्या त्या घरांपर्यंत पोचवायची जबाबदारी पालघरच्या गटाकडे द्या.

तुमची,
ताई